त्रिकोणाची उंची कोठें असते?



एका सहामाही परीक्षेंत नववीच्या भूमितीच्या प्रश्नपत्रिकेंत मीं एक साधा प्रश्न घातला होता. एक त्रिकोण काढून दिला होता. त्याच्या तिन्ही बाजूंचीं मापें व एका लंबाचें माप लिहिलें होतें, आणि क्षेत्रफळ काढावयास सांगितलें होतें. प्रश्नांत अवघड असें कांहींच नव्हतें. फक्त तो त्रिकोण मीं नेहमींप्रमाणें ऐसपैस बसलेला न काढतां एका टोंकावर तोललेला, तिरपा असा काढला होता. उत्तरपत्रिका तपासावयास बसलों तेव्हां पहिल्या दहा-बारा उत्तरांतच माझा उत्साह मावळला. कोणीं सर्वांत उभट दिसणारी बाजू हीच उंची समजून गुणाकार केला होता, तर कोणीं दिलेला लंब भलत्याच बाजूशीं गुणला होता. एका मुलानें तर स्वच्छ लिहिलें होतें, "ह्या त्रिकोणाला पाया नाहीं, म्हणून क्षेत्रफळ काढतां येत नाहीं."

दुसऱ्या दिवशीं वर्गांत मीं त्या मुलाला उभें केलें आणि विचारलें, "पाया नाहीं म्हणजे काय रे?" तो खालीं मान घालून म्हणाला, "सर, तुम्ही पाया नेहमीं खालीं काढतां." वर्ग हंसला, मला मात्र हंसूं आलें नाहीं. फळ्यावर आजवर मीं शेंकडों त्रिकोण काढले असतील. त्यांतील जवळ जवळ प्रत्येकाचा पाया फळ्याच्या खालच्या कडेशीं समांतर, आणि शिरोबिंदु बरोबर मधोमध वर. मुलांनीं व्याख्या पाठ केली नव्हती. माझी संवय पाठ केली होती. तेव्हां चूक त्यांची थोडी आणि माझी अधिक. ती भरून काढावी ह्या हेतूनें हा लेख लिहीत आहें. वाचकांना विनंति एवढीच कीं, हातांत पेन्सिल व शेजारीं कोरा कागद घेऊनच हा वाचावा.

भूमि आणि लंब

घोटाळ्याचें मूळ "उंची" ह्या शब्दांत आहे. व्यवहारांत उंची म्हटली कीं जमीन आलीच. माणसाची, माडाची, मनोऱ्याची उंची आपण जमिनीपासून मोजतों, आणि जमीन सर्वांना एकच असते. कागदावरच्या त्रिकोणाला मात्र अशी जमीन कोणीं दिलेली नसते. ती आपणच ठरवावयाची असते.

आपल्या जुन्या गणितज्ञांनीं ह्या बाबतींत मोठे मार्मिक शब्द वापरले आहेत. ज्या बाजूला आपण पाया म्हणतों तिला ते भूमि किंवा मही म्हणत. उरलेल्या दोन बाजू म्हणजे भुज, आणि आपली उंची म्हणजे त्यांचा लंब. लंब म्हणजे लोंबणारा. भिंत सरळ उभी राहिली कीं नाहीं हें पाहण्यासाठीं गवंडी ओळंबा सोडतो, तो वरून खालीं येतो. "उंची" हा शब्द आपल्याला खालून वर पाहावयास लावतो, तर "लंब" हा शब्द वरून खालीं. त्रिकोणाच्या बाबतींत ही दुसरी दृष्टि अधिक उपयोगाची आहे. कारण लंबाचा आरंभ शिरोबिंदूपासून होतो, आणि तो कोठें टेकतो हें मागाहून कळतें.

आतां व्याख्या पाहूं. त्रिकोणाची कोणतीही एक बाजू भूमि म्हणून निवडा. त्या बाजूवर नसलेला असा एकच शिरोबिंदु उरतो. त्यापासून त्या बाजूच्या रेषेवर लंब टाका. शिरोबिंदूपासून त्या लंबाच्या पायथ्यापर्यंतचें अंतर म्हणजे त्या भूमीवरची त्रिकोणाची उंची होय.

ह्या व्याख्येंतील दोन शब्दांखालीं रेघ ओढून ठेवा: एक "कोणतीही" आणि दुसरा "रेषेवर". पहिला शब्द सांगतो कीं भूमि ही निवडावयाची वस्तु आहे. म्हणून त्रिकोणाला एक नव्हे, तीन उंच्या असतात. दुसरा शब्द सांगतो कीं लंब हा बाजूच्या दोन टोंकांच्या दरम्यानच पडला पाहिजे असें बंधन नाहीं. बाजू वाढविली असतां जी रेषा मिळते तिच्यावर तो पडला म्हणजे झालें. इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास अलेक्झांड्रिया येथें होऊन गेलेल्या युक्लिडनें आपल्या ग्रंथाच्या पहिल्या भागांतील बाराव्या सिद्धांतांत बाहेरच्या बिंदूपासून रेषेवर लंब कसा टाकावा हें सांगितलें आहे, आणि तेथें ती रेषा अमर्याद आहे असें तो मुद्दाम म्हणतो. असें म्हणण्याची गरज कां पडते हें पुढें दिसून येईल.

एक प्रयोग

जाड पुठ्ठ्यावर १४ सेंटिमीटर लांबीची रेघ काढा. तिच्या एका टोंकापासून १३ आणि दुसऱ्या टोंकापासून १५ सेंटिमीटर अंतरावर कंपासानें कंस काढा. ते जेथें छेदतात तेथपर्यंत रेघा जोडून त्रिकोण कापून घ्या. आतां हा पुठ्ठा १४ सेंटिमीटरच्या बाजूवर टेबलावर उभा धरा, आणि गुण्या लावून सर्वांत वरचें टोंक टेबलापासून किती वर आहे तें मोजा. बरोबर १२ सेंटिमीटर येईल. मग तोच त्रिकोण १५ च्या बाजूवर उभा करा, उंची ११.२ येईल. शेवटीं १३ च्या बाजूवर उभा करा. उंची सुमारें १२.९ येईल.

पुठ्ठा तोच, पण त्याची उंची तीनदां निराळी आली. मग खरी उंची कोणती? तिन्ही खऱ्याच. प्रत्येक उंची आपापल्या भूमीची आहे. १४ ला १२ नें गुणा, १६८ येतात. १५ ला ११.२ नें गुणा, १६८ येतात. १३ ला तिच्या उंचीनें गुणलें तरी १६८ च. त्याची निमपट ८४ चौरस सेंटिमीटर, हेंच त्रिकोणाचें क्षेत्रफळ. भूमि मोठी घेतली कीं उंची लहान होते, भूमि लहान घेतली कीं उंची वाढते. क्षेत्रफळ मात्र हालत नाहीं. पण एका भूमीची उंची दुसऱ्या भूमीशीं गुणली कीं सगळें बिघडतें. परीक्षेंतील निम्म्या चुका ह्याच जातीच्या होत्या.

तिरपी बाजू उंची कां नव्हे?

दुसऱ्या निम्म्या चुका तिरप्या बाजूलाच उंची समजल्यानें झाल्या होत्या. ती समजूत घालविण्यासाठीं टेबलावर वीस-पंचवीस वह्यांची चळत रचा. बाजूनें पाहिलें असतां तिचा आकार आयतासारखा दिसतो. आतां वरच्या वह्या हळू हळू एका अंगाला सरकवून चळत तिरपी करा. बाजूची कड आतां पहिल्यापेक्षां लांब झाली. पण वह्या तितक्याच, त्यांची जाडी तितकीच, आणि चळतीची टेबलापासूनची उंचीहि तितकीच. कागदाचा एक कपटाहि वाढला नाहीं.

त्रिकोणाचेंहि असेंच आहे. भूमि तशीच ठेवून शिरोबिंदु भूमीला समांतर अशा रेषेवर कितीहि दूर सरकवा. भुज वाढतील, आकृति वांकडीतिकडी दिसेल, परंतु उंची आणि क्षेत्रफळ तेंच राहील. एकाच भूमीवर व त्याच दोन समांतर रेषांमध्यें असलेले त्रिकोण समक्षेत्र असतात, असें युक्लिडच्या पहिल्या भागांतील सदतिसाव्या सिद्धांतांत सांगितलें आहे. कोणताहि त्रिकोण घ्या, तसाच दुसरा एक उलटा करून त्याच्या एका भुजेशीं जोडा. समांतरभुज चौकोन होतो. त्या चौकोनाचें एक टोंक लंबावर कापून दुसऱ्या अंगाला लाविलें कीं, त्याच भूमीचा व त्याच उंचीचा आयत तयार होतो. आपला त्रिकोण त्याचा अर्धा. म्हणून भूमि गुणिलें उंची, आणि त्याचें अर्धें. आर्यभटानें इ. स. ४९९ च्या आपल्या ग्रंथांत त्रिकोणाच्या क्षेत्रफळाचा जो नियम दिला, त्यांतहि अर्ध्या भूमीनें गुणावयाचा तो लंबच आहे, भुज नव्हे.

भुज हीच उंची होते असा प्रसंग एकच, आणि तो काटकोन त्रिकोणांत. ३, ४ आणि ५ बाजूंच्या त्रिकोणांत ३ ही भूमि मानली तर ४ ही उंची, आणि ४ ही भूमि मानली तर ३ ही उंची. परंतु तेथेंहि ५ ही बाजू भूमि मानली तर उंची निराळी काढावी लागते; ती २.४ येते.

लंब बाहेर पडतो तेव्हां

शिरोबिंदु समांतर रेषेवर सरकवीत नेला कीं एक वेळ अशी येते कीं, तो भूमीच्या टोंकाच्याहि पलीकडे जातो. भूमीवरचा एक कोन आतां विशालकोन झाला. तेथून ओळंबा सोडला तर तो भूमीवर न टेकतां तिच्या बाहेर, वाढविलेल्या रेषेवर टेकतो. येथें पुष्कळ विद्यार्थी गांगरतात. "उंची त्रिकोणाची, मग ती त्रिकोणाच्या बाहेर कशी?" असें त्यांना वाटतें. कलत्या माडाचें उदाहरण घ्या. माडाच्या शेंड्यावरून नारळ सुटला तर तो बुंध्याशीं पडत नाहीं, बुंध्यापासून दूर पडतो. तरी माडाची उंची मोजावयाची ती नारळ ज्या सरळ वाटेनें खालीं आला त्या वाटेनेंच. कललेल्या खोडाच्या लांबीनें नव्हे.

हा प्रसंग आपल्या भास्कराचार्यांनीं फार सुंदर रीतीनें हाताळला आहे. चाळीसगांवजवळच्या पाटण येथें इ. स. १२०७ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांच्या नातवानें, चांगदेवानें, मठ स्थापन केल्याचें त्यांत नमूद आहे. आचार्यांनीं इ. स. ११५० मध्यें लिहिलेल्या "लीलावती"त लंबाचीं जीं उदाहरणें आहेत, त्यांत आपला वरचा १३, १४, १५ चा त्रिकोणहि आहे. लंब भूमीचे जे दोन तुकडे करतो त्यांना ते आबाधा म्हणतात. त्यांची रीति अशी: दोन्ही भुजांच्या बेरजेला त्यांच्या वजाबाकीनें गुणावें आणि भूमीनें भागावें, जें येईल तें दोन आबाधांमधील अंतर. तें भूमींत मिळवून व भूमींतून वजा करून प्रत्येकाचें अर्धें केलें कीं दोन आबाधा मिळतात.

करून पाहूं. भुज १५ व १३, भूमि १४. बेरीज २८, वजाबाकी २, गुणाकार ५६. १४ नें भागले असतां ४. चौदांत चार मिळवून अर्धें ९. चौदांतून चार वजा करून अर्धें ५. आतां १३ चा वर्ग १६९, त्यांतून ५ चा वर्ग २५ वजा करा, १४४ उरतात. त्याचें वर्गमूळ १२, हीच उंची. रीति खरी कां, हें पायथागोरासचा सिद्धांत शिकलेल्यास सहज समजेल: लंब दोन्ही काटकोन त्रिकोणांना समाईक आहे, म्हणून भुजांच्या वर्गांतील अंतर तेंच आबाधांच्या वर्गांतील अंतर.

आतां त्यांचें दुसरें उदाहरण घ्या. भुज १० व १७, भूमि ९. बेरीज २७, वजाबाकी ७, गुणाकार १८९; ९ नें भागले असतां २१. हें अंतर भूमीपेक्षां मोठें आलें! नवांत एकवीस मिळवून अर्धें १५. आणि नवांतून एकवीस वजा करून अर्धें, ऋण ६. येथें गणित चुकलें असें समजून आचार्य थांबले नाहींत. ऋण ह्याचा अर्थ उलट दिशेला, असें त्यांनीं सांगितलें. म्हणजे लंब भूमीच्या टोंकाबाहेर ६ अंतरावर पडला. १० च्या वर्गांतून ६ चा वर्ग वजा केला, ६४ उरले, उंची ८. क्षेत्रफळ ३६. लंब आंत पडो कीं बाहेर, नियम तोच. ही आकृति आपल्या वहींत मापानें काढून पाहाच. वजाबाकीच्या एका चिन्हानें लंबाची जागा कशी सांगितली हें डोळ्यांना दिसेल.

शेताचा कोपरा

आतां पुन्हां त्या "पाया नाहीं" म्हणणाऱ्या मुलाकडे वळूं. पुढच्याच वर्षीं तो एका सोमवारीं शाळा सुटल्यावर माझ्याकडे आला. रस्ता रुंद झाल्यामुळें त्यांच्या शेताचा एक त्रिकोणी कोपरा पलीकडे तुटून राहिला होता, आणि वडील तो शेजाऱ्याला विकणार होते. वडीलधाऱ्या मंडळींनीं दोन भुजांची सरासरी घेऊन तिला अर्ध्या पायानें गुणलें होतें. मुलगा म्हणाला, "सर, ही सरासरी म्हणजे उंची नव्हे ना? पण खरी उंची शेताच्या बाहेर पडते. तें चालेल का?"

त्या जागेचीं खरीं मापें येथें देत नाहीं. भास्कराचार्यांच्या दुसऱ्या त्रिकोणाचीं मापें दसपट करून फुटांत घेऊं, म्हणजे मुद्दा कळेल. रस्त्याच्या कडेची भूमि ९० फूट, भुज १०० व १७० फूट. सरासरीची रीत लावली तर ४५ गुणिलें १३५, म्हणजे ६,०७५ चौरस फूट. १०० फुटांची बाजूच उंची मानली तर ४,५०० चौरस फूट. खरी उंची ८० फूट घेतली तर क्षेत्रफळ ३,६०० चौरस फूट. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. म्हणजे सरासरीच्या हिशेबानें जी जमीन साडेपांच गुंठ्यांहून अधिक भरते, ती प्रत्यक्षांत सव्वातीन गुंठ्यांच्या थोडी वर आहे. मधले सव्वादोन गुंठे जमिनीवर कोठेंच नाहींत. ते फक्त कागदावर आहेत, पण त्यांचे पैसे मात्र कोणाच्या तरी खिशांतून जावयाचे.

ही सरासरीची रीत नवी नव्हे. इ. स. ६२८ मध्यें ब्रह्मगुप्तानें ती दिली आहे. परंतु तिला त्यानें स्थूल म्हणजे ढोबळ म्हटलें आहे, आणि सूक्ष्म क्षेत्रफळाची रीत निराळी सांगितली आहे. ढोबळ रीत ढोबळ कामाला चालते. जमिनीच्या व्यवहाराला चालत नाहीं. त्रिकोण जितका निमुळता, तितकी ती अधिक फसविते.

दुसऱ्या दिवशीं आम्ही दोरी व फीत घेऊन त्या जागेवर गेलों. लंब शेजाऱ्याच्या पिकांत पडत होता, म्हणून आम्हीं सर्वांत लांब बाजू भूमि धरली. हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे: सर्वांत मोठी बाजू भूमि मानली कीं लंब नेहमीं आंतच पडतो. दोरीवर बारा समान भागांच्या खुणा करून ३, ४, ५ चा त्रिकोण ताणला आणि काटकोन साधला. पूर्वीं मोजणीदार शंकु व साखळी घेऊन भूमीवर असेच लंब काढीत. आज उपग्रहांच्या साह्यानें चालणारीं यंत्रें आलीं, तरी त्रिकोणाचें क्षेत्रफळ भूमि व लंब ह्यांच्या गुणाकाराचें अर्धें, हा नियम तोच राहिला आहे. वरच्या आपल्या उदाहरणांत १७० फूट भूमि घेतली तर उंची सुमारें ४२.३५ फूट येते, आणि क्षेत्रफळ पुन्हां ३,६०० च.

मोजणी पुरी झाली तेव्हां मुलाच्या वडिलांना कमी पैसे मिळणार हें उघड झालें. ते थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग शेजाऱ्याला हांक मारून म्हणाले, "पोरानें मोजलंय. आपला हिशेब जास्त धरला होता." तो व्यवहार नव्या मापानेंच झाला. ज्या मुलाला मीं वर्गांत उभें केलें होतें, त्यानें मला त्या दिवशीं भूमितीचा उपयोग शिकविला.

ध्यानांत ठेवावयाच्या गोष्टी

पहिली: उदाहरण हातीं आलें कीं आधीं भूमि कोणती तें लिहा, कागद फिरवून ती बाजू खालीं आणली तरी चालेल. दुसरी: भूमीवर नसलेला शिरोबिंदु ओळखा. तिसरी: काटकोनाची खूण शोधा, जेथें ती खूण नाहीं, तेथें ती रेघ उंची नव्हे. चौथी: गरज पडल्यास भूमि तुटक रेघेनें वाढवा. पांचवी: शक्य असल्यास दुसरी भूमि घेऊन उत्तर ताडून पाहा; दोन वाटांनीं एकाच ठिकाणीं पोहोंचलों तरच वाट खरी.

शेवटीं सरावासाठीं दोन उदाहरणें देतों. एक: २०, १३ व ११ बाजूंच्या त्रिकोणांत ११ ही भूमि मानून लंब आंत पडतो कीं बाहेर, तें सांगा व उंची काढा. दोन: त्याच त्रिकोणांत २० ही भूमि मानून उंची काढा. पहिल्याचें उत्तर, लंब ५ अंतरावर बाहेर व उंची १२. दुसऱ्याचें उत्तर, उंची ६.६, क्षेत्रफळ दोन्ही वेळां ६६. उत्तरें दिलीं आहेत. वाट तुम्हीं शोधावयाची.

मीहि आतां फळ्यावर त्रिकोण काढतांना खडू जरा तिरपा धरतों.